एकाच हाताची दोन कामं

फ्रेंच राज्यक्रांतीतल्या झाक-लुई दाव्हिद या चित्रकाराची आपण सोयीस्कर वाटणी करून टाकली आहे. चित्रं कलारसिकांकडे, राजकारण इतिहासकारांकडे. रसिक म्हणतात, माराचं (१७९३ मध्ये खून झालेल्या क्रांतिकारी पत्रकाराचं) चित्र पाहताना मारा कोण होता हे विसरा, रंग आणि रचना पाहा. इतिहासकार कन्व्हेन्शन या क्रांतिकाळातल्या प्रतिनिधिसभेतलं दाव्हिदचं मतदान, समित्या, भाषणं यांची नोंद करतात आणि चित्राला मुखपृष्ठावर जागा देतात. ही वाटणी मला मुळातच चुकीची वाटते. १४ सप्टेंबर १७९३ला दाव्हिद सामान्य सुरक्षा समितीवर गेला. संशयितांना पकडणं, कोंडणं आणि क्रांतिकारी न्यायालयापुढे उभं करणं हे या समितीचं काम. अटकेच्या शेकडो हुकमांवर त्याची सही आहे. आणि याच काळात त्याच्या चित्रशाळेत माराच्या चित्रावरून शेवटचा हात फिरत होता. ही दोन्ही कामं एकाच माणसाने एकाच हेतूने केली, आणि दोन्हींत तो तितकाच निष्णात होता. त्यामुळे चित्र उत्तम आहे म्हणून प्रचाराकडे काणाडोळा करायचा, हा हिशेब उलटा आहे. चित्र जितकं उत्तम, तितकी चित्रकाराची जबाबदारी मोठी.

हे पटायचं तर आधी कारागिराची अडचण समजून घ्यावी लागते. क्रांती वेगाने चालते आणि तैलरंग सावकाश वाळतो. दाव्हिदला हा धडा एका फसलेल्या चित्रातून मिळाला होता. २० जून १७८९ला व्हर्सायच्या टेनिस कोर्टात प्रतिनिधींनी शपथ घेतली, की राज्यघटना होईपर्यंत आपण पांगणार नाही. जॅकोबिन क्लब या क्रांतिकारकांच्या संघटनेच्या पुढाकाराने १७९० मध्ये दाव्हिदने त्या प्रसंगाचं प्रचंड चित्र करायला घेतलं. रुंदी जवळजवळ दहा मीटर. पैसा लोकवर्गणीतून उभा करायचा ठरलं: २४ लिव्हरचा एक वाटा, असे ३,००० वाटे. वर्गणी जमली नाही. १७९१च्या सलोंमध्ये (पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात) कागदावरचं रेखाटन झळकलं, लोकांना आवडलं, आणि मग घटनासभेने खर्च सरकारी तिजोरीतून करायचं कबूल केलं. पण तोवर शपथ घेणारी माणसंच बदलत चालली होती. नोव्हेंबर १७९२ मध्ये तुइलरी राजवाड्यात लोखंडी कपाट सापडलं, त्यातल्या कागदांवरून मिराबो राजाकडून पैसे घेत होता हे उघड झालं. चित्राच्या मधोमध उभा राहून शपथ वाचणारा बाईयी नोव्हेंबर १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेला, बार्नाव्हही त्याच महिन्यात. चित्र तेव्हाही अर्धवटच होतं. आज व्हर्सायला तो कॅनव्हास पाहिला तर खडूने आखलेली नग्न शरीरं दिसतात आणि त्यांवर फक्त मोजकी रंगवलेली डोकी. (शरीर आधी नग्न आखायचं आणि मग त्यावर कपडे चढवायचे, ही त्याची शिस्त होती.) क्रांतीचा प्रसंग रंगवताना माणसं जास्त असतील तर त्यांतलं कोण उद्या देशद्रोही ठरेल हे सांगता येत नाही. मेलेला एकटा माणूस मात्र बाजू बदलत नाही.

दुसरा मार्ग उत्सवांचा. मिरवणुका, पुतळे, गाणी यांच्या आखणीत दाव्हिदचा हातखंडा होता. १० ऑगस्ट १७९३च्या एकतेच्या उत्सवात बास्तीय तुरुंगाच्या अवशेषांवर त्याने इजिप्शियन धाटणीची निसर्गदेवता बसवली. तिच्या स्तनांतून पाणी वाहत होतं आणि लोकप्रतिनिधी ते एकाच पेल्यातून आळीपाळीने प्यायले. हे सगळं प्लास्टरचं. उभं करायला काही आठवडे पुरतात, पण पहिल्या पावसाळ्यातच पोपडे निघू लागतात. ८ जून १७९४च्या परमतत्त्वाच्या उत्सवात क्रांती सरकारचा नेता रोबेस्पिअरने नास्तिकतेच्या पुतळ्याला मशाल लावली. तो जळून आतून प्रज्ञेची मूर्ती प्रकट व्हायची होती. झाली, पण धुराने काळीठिक्कर पडलेली. हजारो लोकांदेखत घडलेली चूक दुरुस्त करता येत नाही. दोनच दिवसांनी, १० जूनला, आरोपीला वकील नाकारणारा कायदा आला आणि पुढच्या सात आठवड्यांत पॅरिसमध्ये तेराशेहून अधिक माणसांची डोकी उडाली. उत्सवाचा आराखडा आणि हा कायदा एकाच सरकारच्या टेबलावर होते.

माराचं चित्र समजून घ्यायला मात्र आधी माराचं प्रेत पाहावं लागतं. १३ जुलै १७९३ला संध्याकाळी शार्लोत कोर्देने त्याला त्याच्या घरी, न्हाणीच्या टबात भोसकलं. दुसऱ्याच दिवशी कन्व्हेन्शनमध्ये पॅरिसच्या एका विभागाच्या प्रतिनिधीने दाव्हिदला जाहीरपणे साद घातली, की तुला आणखी एक चित्र करायचं आहे, आणि दाव्हिद करतो म्हणाला. पण त्याच्या आधी अंत्यविधी होता आणि तोही त्याच्याकडेच होता. त्याची मूळ कल्पना अशी, की मारा जसा टबात बसून लिहीत होता तसाच लोकांसमोर मांडायचा. ते जमणारच नव्हतं. जुलैचा उकाडा होता. माराला वर्षानुवर्षं त्वचेचा रोग होता, त्यामुळे शरीर झपाट्याने बिघडू लागलं. अखेर कॉर्दलिए चर्चमध्ये उंच चौथऱ्यावर त्याला झोपवलं, जखम दिसावी म्हणून छाती उघडी ठेवली, बाकीचं शरीर ओल्या चादरीने झाकलं. दुर्गंध दाबायला व्हिनेगर शिंपडत राहावं लागलं. तरी रंग पालटत गेला आणि १६ जुलैला घाईने दफन उरकावं लागलं.

म्हणजे प्रचाराचं पहिलं साधन, खुद्द शहीदाचा देह, कामी आला नाही. लोकांना करुणा वाटावी म्हणून मांडलेला देह किळस आणू लागला. तीन महिन्यांनी दाव्हिदने दिलं ते या देहाच्या जागी आलेलं चित्र आहे. ते पाहताना हे एकदा लक्षात आलं, की त्यातला एकेक निर्णय का घेतला हे उलगडत जातं.

कॅनव्हास सुमारे १६५ सेंटीमीटर उंच आणि १२८ रुंद. वरचा जवळजवळ अर्धा भाग रिकामा. तिथे रंगाचा जाड थर नाही. कोरड्या ब्रशचे छोटे छोटे फटकारे दिले आहेत आणि खालचा थर त्यांतून दिसत राहतो, त्यामुळे भिंत हवेसारखी हलती वाटते. खऱ्या खोलीत भिंतीवर कागद होता, फ्रान्सचा नकाशा होता, पिस्तुलं टांगलेली होती. ती सगळी काढून टाकली. टबही खरा वेगळा होता, बुटाच्या आकाराचा, बसायचा. इथे तो आडवा सरळ होतो आणि त्यावर फळी टाकून हिरवं कापड अंथरलेलं दिसतं. डोक्याला गुंडाळलेला फडका खरा आहे. रोगाच्या दाहासाठी मारा तो व्हिनेगरमध्ये भिजवून बांधत असे. पण त्या फडक्याखालचा रोग गेला. कातडी नितळ, पिवळसर संगमरवरी. पन्नाशीचा रोगट माणूस जेमतेम पस्तिशीचा वाटतो. जखम गळ्याजवळच्या हाडाखाली, छोटी, स्वच्छ कापलेली. उजवा हात टबाबाहेर लोंबतो आणि त्याच्या बोटांत अजून लिहायचं पीस आहे. हा हात युरोपातल्या प्रत्येक माणसाने चर्चमध्ये पाहिलेला होता: क्रुसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताचा. चर्चच्या वस्तू वितळवणाऱ्या सरकारच्या चित्रकाराने ख्रिस्ताचा हात मात्र जपून ठेवला, कारण लोकांचे गुडघे त्या हातापुढे आपोआप टेकतात हे त्याला ठाऊक होतं.

सुरी बघा. कोर्देने ती पाले-रोयालच्या दुकानातून विकत घेतली होती आणि वार केल्यावर ती छातीतच राहिली होती. चित्रात ती जमिनीवर पडली आहे, पांढऱ्या मुठीची, मुठीला रक्त लागलेलं. छातीत रुतलेली सुरी दाखवली असती तर पाहणाऱ्याचं लक्ष हिंसेकडे गेलं असतं. खाली पडलेली सुरी पळून गेलेल्या भेकड हातावर बोट ठेवते. कोर्दे प्रत्यक्षात पळालीच नव्हती. तिला तिथेच पकडलं आणि चार दिवसांनी, १७ जुलैला, तिचा शिरच्छेद झाला. न्यायालयात तिने काहीही नाकारलं नाही.

आता कागद. दाव्हिदचं खरं काम इथे आहे. माराच्या डाव्या हातात कोर्देचं पत्र आहे आणि त्याचा मजकूर समोरून वाचता येईल असा वळवून धरलेला आहे. त्यावर तारीख, तिचं पूर्ण नाव आणि एवढंच, की मी फार दुःखी आहे, हे तुमच्या कृपेसाठी पुरेसं असावं. शेजारच्या लाकडी खोक्यावर असिन्या, म्हणजे क्रांतीची कागदी नोट, आणि तिच्याबरोबर माराच्या हातची चिठ्ठी: ही नोट पाच मुलांच्या त्या आईला द्या, जिचा नवरा देशासाठी लढताना मेला. ही चिठ्ठी दाव्हिदने रचली. खुनी स्त्रीने दयेची भीक मागितली आणि मारा दया करत असतानाच मेला, असा सरळ अर्थ दोन कागद शेजारी ठेवून तयार झाला.

घडलं होतं ते असं. कोर्दे नॉर्मंडीतल्या कॅनहून आली होती. तिथे पॅरिसमधून निसटलेले जिरोंदिन, म्हणजे जॅकोबिनांच्या विरोधी गटातले, प्रतिनिधी जमले होते. तिने माराकडे लिहिलं ते त्या कटाची माहिती देण्याबद्दल, आणि तिला आत घेतलं गेलं ते त्याच कारणाने. टबाशेजारी बसून ती नावं सांगत होती आणि मारा उतरवून घेत होता; यांची डोकी लवकरच गिलोटिनखाली जातील असं तो म्हणाला. मग तिने सुरी काढली. मरताना माराच्या बोटांत पीस होतं हे दाव्हिदने खोटं सांगितलं नाही. पीस काय लिहीत होतं हे बदललं. धरपकडीच्या यादीच्या जागी विधवेची मदत आली.

प्रचार म्हणजे खोटं बोलणं, ही समजूत इथे फारच तोकडी पडते. चित्रातल्या बहुतेक वस्तू खऱ्या आहेत. माराची गरिबीसुद्धा खरी. त्याने खुर्चीचा वापर करून पैसा केला नव्हता. या खऱ्या गरिबीला दाव्हिदने एक रचलेली दया चिकटवली, आणि ठिगळ लावलेली चादर, ओबडधोबड खोकं, शाईची दौत पाहून मन वळलेला माणूस ती दयाही खरी मानून घेतो. चित्रात मारा आहे, पण १७९० मध्ये पाच-सहाशे डोकी उडवली की शांतता नांदेल असं छापणारा पत्रकार नाही. सप्टेंबर १७९२च्या तुरुंगांतल्या कत्तली चालू असतानाच प्रांतांनीही हेच करावं अशा पत्रकावर सही करणारा मारा नाही. कोर्दे नाही. जिची किंकाळी ऐकून शेजारी धावले ती त्याची जोडीदार सिमोन एव्हरार नाही. आणि ज्या नावांसाठी हा सगळा प्रसंग घडला ती नावंही नाहीत.

त्या नावांचं काय झालं, ते चित्राच्या तारखांवरून कळतं. १६ ऑक्टोबर १७९३ला चित्र प्रथम लूव्हरच्या आवारात लोकांसाठी मांडलं गेलं. मारी आंत्वानेतचा शिरच्छेद त्याच दिवशी झाला. तिला गाडीतून नेताना दाव्हिदने पेनाने केलेलं रेखाटन आज उपलब्ध आहे, हात पाठीमागे बांधलेले, ओठ घट्ट मिटलेले. २४ ऑक्टोबरला २१ जिरोंदिन प्रतिनिधींवर खटला सुरू झाला, ३१ला ते गेले. एकाने न्यायालयातच स्वतःला भोसकून घेतलं होतं, तर त्याचं प्रेतही गिलोटिनपर्यंत नेलं. १४ नोव्हेंबरला दाव्हिदने चित्र कन्व्हेन्शनला अर्पण केलं आणि ते अध्यक्षांच्या आसनामागे एका बाजूला टांगलं. दुसऱ्या बाजूला त्याचंच ल पेल्तिएच्या मृत्यूचं चित्र होतं: राजाच्या मृत्युदंडाला मत दिलं म्हणून जानेवारीत मारला गेलेला प्रतिनिधी, आणि त्याच्या देहावर केसाने टांगलेली तलवार. प्रतिनिधी बोलायला उभा राहिला की त्याच्यासमोर हे दोन मृतदेह असत. त्यांच्यासमोर संशयितांबद्दल सौम्य बोलणं किती अवघड होत असेल याचा विचार करा. चित्र आणि खटले यांचं नातं याहून जवळचं असू शकत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. चर्चची भिंतीचित्रं, राजांची अश्वारूढ व्यक्तिचित्रं, हा सगळाच प्रचार. मग दाव्हिदलाच का धरायचं? आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. पण सोळाव्या शतकात संताच्या वेदना रंगवणाऱ्याने त्या संताच्या शत्रूंना पुढच्या आठवड्यात तुरुंगात टाकलं नव्हतं. दाव्हिद आश्रयाला असलेला चित्रकार नव्हता, तो स्वतःच सत्तेचा भाग होता. जानेवारी १७९४ मध्ये तो कन्व्हेन्शनचा अध्यक्षही झाला. चित्र काढणारा, ते टांगायचा ठराव मांडणारा आणि त्या चित्राने तापवलेल्या वातावरणात अटकेवर सही करणारा, ही सगळी कामं एकाच माणसाकडे जमा झाली. लोकसुरक्षा समितीने (सरकार चालवणाऱ्या दुसऱ्या समितीने) त्याला ब्रिटिश सरकारची टर उडवणारी व्यंगचित्रंही काढायला लावली. ती अगदीच सुमार आहेत, विष्ठेचे विनोद आणि गिचमिड रेषा. बेताचा प्रचार कसा असतो ते त्यांत दिसतं, आणि माराच्या चित्राने नेमकं काय साधलं हेही त्यांच्याशेजारी ठेवल्यावर कळतं.

दुसरा बचाव असा, की त्याचा विश्वास होता, तो संधिसाधू नव्हता. मलाही १७९३चा दाव्हिद खराखुरा विश्वास ठेवणारा वाटतो. राजाच्या मृत्यूला मत देताना त्याला आश्रय, गिऱ्हाईक आणि पुढे बायकोही गमवावी लागणार होती (ती परत आली, १७९६ मध्ये पुन्हा लग्न झालं). पण विश्वासाने जबाबदारी हलकी होत नाही. भाडोत्री चित्रकार ठरलेल्या पैशांत ठरलेलं काम करतो. दाव्हिदने मागितलेल्यापेक्षा जास्त दिलं, चिठ्ठीतली पाच मुलं त्याला कुणी सांगितली नव्हती.

जोझेफ बाराचं उदाहरण याहून अस्वस्थ करणारं आहे. पश्चिम फ्रान्समधल्या व्हान्देच्या यादवीत डिसेंबर १७९३ मध्ये हा चौदा वर्षांचा मुलगा घोडे सांभाळताना मारला गेला. रोबेस्पिअरने २८ डिसेंबरला कन्व्हेन्शनमध्ये त्याची वीरकथा केली: राजाचा जयजयकार कर म्हणाले, तर त्याने प्रजासत्ताकाचा जयजयकार केला. त्याचं चित्र छापून प्रत्येक प्राथमिक शाळेत पाठवायचा ठराव झाला. दाव्हिदने चित्र सुरू केलं, ते अपुरं आहे आणि आज आव्हिन्योंच्या संग्रहालयात आहे. हुसार पथकाच्या गणवेशातला मुलगा त्याने पूर्ण नग्न केला, कुरळ्या केसांचा, छातीशी तिरंगी फीत घट्ट धरलेला. घोडे नाहीत, शत्रू नाही, युद्ध नाही. हे चित्र शाळेतल्या मुलांसाठी होतं. मरणं किती सुंदर दिसतं हे दहा वर्षांच्या मुलांना शिकवण्यासाठी. बाराचा उत्सव २८ जुलै १७९४ला ठरला होता. आदल्या दिवशी रोबेस्पिअर पडला आणि उत्सवाच्या दिवशी त्याचंच डोकं उडालं. तुझ्याबरोबर मीही विषाचा पेला पिईन असं जॅकोबिन क्लबमध्ये रोबेस्पिअरला म्हणालेला दाव्हिद, तो पडला त्या दिवशी कन्व्हेन्शनमध्ये आलाच नाही. २ ऑगस्टला तो पकडला गेला.

पुढचा हिशेब फ्रान्सच्या सरकारांनी कसा लावला हे पाहण्यासारखं आहे. माराचं चित्र सभागृहातून कधीही हलवू नये असा ठराव होता. फेब्रुवारी १७९५ मध्ये ते उतरलं, माराचे अवशेष पँथिऑन या राष्ट्रवीरांच्या स्मारकातून बाहेर आले. चित्र दाव्हिदकडे परत गेलं आणि पुढे अनेक दशकं लोकांच्या नजरेआड राहिलं. ल पेल्तिएचं चित्र दाव्हिदच्या मृत्यूनंतर ल पेल्तिएच्या राजनिष्ठ मुलीने दाव्हिदच्या वारसांकडून विकत घेतलं आणि ते पुन्हा कुणी पाहिलं नाही. दाव्हिद तुरुंगातून सुटला, नेपोलियनचा पहिला चित्रकार झाला आणि खेचरावरून आल्प्स ओलांडलेल्या माणसाला त्याने उधळलेल्या घोड्यावर बसवलं. बुर्बों राजघराणं परतल्यावर राजहत्येला मत देणारा म्हणून १८१६ मध्ये त्याला देश सोडावा लागला. तो ब्रसेल्सला राहिला, २९ डिसेंबर १८२५ला तिथेच वारला, आणि त्याचा देह फ्रान्समध्ये आणायला परवानगी मिळाली नाही. पण तो निर्वासित असतानाच, १८१९ मध्ये, त्याच राजाच्या सरकारने त्याची दोन मोठी चित्रं राष्ट्रीय संग्रहासाठी एक लाख फ्रँकला विकत घेतली. माणूस सीमेबाहेर, चित्र महालात. मी सुरुवातीला म्हटलेली वाटणी त्या खरेदीने पक्की झाली असं मला वाटतं, आणि संग्रहालयं ती अजून पाळतात.

माराचं चित्र आज ब्रसेल्सच्या शाही ललितकला संग्रहालयाचं आहे. ते झाकावं किंवा उतरवावं असं मी मुळीच म्हणत नाही. उतरवण्याचा प्रयोग १७९५ मध्ये झाला आणि त्याने फक्त पुरावा लपला. त्याच्याबरोबर काय दाखवावं, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्याला लागणारी सामग्री काही दुर्मीळ नाही. कोर्देच्या पत्रांचा मूळ मजकूर, चित्रातल्या वाक्याशेजारी. माराच्या वृत्तपत्राचं एखादं पान, अनुवादासह. दाव्हिदची सही असलेला अटकेचा एक हुकूम, त्यावरच्या माणसाचं पुढे काय झालं त्यासकट. आणि २१ नावं, ३१ ऑक्टोबर १७९३ या तारखेखाली, चित्राच्या वरच्या रिकाम्या भागाएवढ्याच मापाच्या फलकावर.